प्रकरण सातवे : पालक आणि आईबाप

शाळेच्या प्रगतिपुस्तकात एक रिकामी रेघ असते आणि तिच्याखाली छापलेलं असतं, 'पालकांची सही'. मराठीत पालक म्हणजे आईबाप. शाळेतली सभा पालकांची असते, सूचना पालकांसाठी असतात, आणि मुलाला बिनदिक्कत 'आपला पाल्य' म्हटलं जातं. कायद्याच्या पुस्तकात मात्र पालक वेगळा आणि आईबाप वेगळे. तिथला पालक म्हणजे मुलाला सांभाळणारा, त्याच्या मालमत्तेवर लक्ष ठेवणारा आणि न्यायालयाला उत्तरदायी असलेला माणूस. मूल सज्ञान झालं की त्याची नेमणूक संपते. आईबापांची नेमणूक कधीच संपत नाही.

एका देशातलं मूल दुसऱ्या देशातल्या घरात दत्तक जातं, तेव्हा त्याचं सगळं भवितव्य या दोन शब्दांमधल्या अंतरावर ठरतं. ते अंतर किती मोठं होतं आणि ते कसं मिटत आलं, हे समजून घ्यायचं तर गिरगावातल्या खोताच्या वाडीपासून सुरुवात करावी.

एक गल्ली, दोन कायदे

जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावरून वाडीत वळलं की दहा पावलांत रहदारीचा आवाज मागे पडतो. बाहेरून चढणारे लाकडी जिने, रस्त्यावर डोकावणाऱ्या बाल्कन्या, कौलारू छपरं, घरापुढची ओसरी. एके काळी अशी साठाच्या वर घरं इथे होती. आज त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत. जमीन मूळची पाठारे प्रभू खोतांची, म्हणून नाव खोताची वाडी. घरं बांधून राहिले ते मुख्यतः ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई आणि उत्तर कोकणातले मूळचे, मराठी बोलणारे कॅथलिक. वाडीच्या आजूबाजूला चाळी, आणि चाळींत गिरगावातली हिंदू कुटुंबं. गणपतीला इकडची माणसं तिकडे, नाताळात तिकडची इकडे.

समजा, साल १९६०. चाळीतल्या एका जोडप्याला मूल नाही. त्यांनी भावाची धाकटी मुलगी मांडीवर घेतली. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने तोवर मुलीलाही दत्तक घेण्याची वाट मोकळी केली होती. देणाऱ्यांनी दिलं, घेणाऱ्यांनी घेतलं, दस्त नोंदवला, की ती त्यांची मुलगी झाली. नाव त्यांचं, वारसा त्यांचा. हे दत्तक नंतर कुणालाही मोडता येत नाही, खुद्द आईबापांनाही नाही.

रस्ता ओलांडून वाडीत या. तिथल्या ईस्ट इंडियन जोडप्यालाही मूल नाही. त्यांनी अनाथाश्रमातून एक बाळ आणलं, चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा केला, धर्माचे आईबाप ठरवले, त्याला आपलं आडनाव दिलं. कायद्याने मात्र ते बाळ त्यांचं झालं नाही, कारण ख्रिस्ती, मुसलमान, पारशी आणि ज्यू यांच्यासाठी दत्तकाचा कायदाच नव्हता. त्यांना उपलब्ध होता तो १८९० चा 'पालक व पाल्य कायदा'. त्याखाली न्यायालय त्यांना पालक नेमत असे. बाळ पाल्य. वर्षानुवर्षं एका ताटात जेवलेलं लेकरू सज्ञान झाल्याच्या दिवशी कायद्याच्या लेखी त्या घराचं कुणीच लागत नसे. वडील मृत्युपत्र न करता गेले, तर त्या लाकडी जिन्याच्या घरात त्या मुलाचा वाटा नाही आणि चुलत भावंडांचा मात्र आहे, अशी स्थिती होती.

स्टॉकहोमचं जोडपं त्याच रांगेत

आता तिसरं जोडपं घ्या. स्वीडनमधलं, स्टॉकहोमचं. त्यांना मुंबईच्या एखाद्या संस्थेतलं मूल हवं आहे. तेही हिंदू नाहीत, म्हणून १९५६ चा कायदा त्यांनाही लागू नाही. त्यांचाही अर्ज जाणार त्याच १८९० च्या कायद्याखाली. म्हणजे गिरगावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं ईस्ट इंडियन जोडपं आणि कधी मुंबई न पाहिलेलं स्वीडिश जोडपं कायद्याने एकाच रांगेत उभं केलं होतं. दोघंही पालक, आईबाप कुणीच नाही.

फरक एवढाच की वाडीतलं मूल निदान आपल्या देशात, आपल्या भाषेत वाढत होतं. स्वीडनला निघालेलं मूल पाल्य म्हणून विमानात बसायचं. भारतातलं न्यायालय परदेशी जोडप्याला पालक नेमायचं, मूल नेण्याची परवानगी द्यायचं आणि खरं दत्तक त्या देशात गेल्यावर तिथल्या कायद्याने व्हायचं. सुटलेलं विमान उतरेपर्यंतचे तास सोडा. मुंबईतला हुकूम आणि तिकडचा हुकूम यांच्यामधले महिने, कधी वर्षं, ते मूल कायद्याने ना इथलं ना तिथलं असं असायचं. तिकडे गेल्यावर कुटुंबाने अर्ज केलाच नाही, किंवा कुटुंबच मोडलं, तर काय? याचं नीट उत्तर कुणाकडे नव्हतं.

सर्व धर्मीयांसाठी एकच दत्तक कायदा करायचा प्रयत्न संसदेत १९७२ साली झाला, आणि मुसलमानांना वगळून पुन्हा १९८० साली. दोन्ही विधेयकं मंजूर झाली नाहीत. कायद्याची जागा रिकामी राहिली आणि रिकाम्या जागेत नेहमी होतं तेच झालं. काही संस्था मनापासून काम करत होत्या आणि काही ठिकाणी मुलांचा व्यापार सुरू झाला होता.

एका पत्राने काय झालं

१९८२ साली लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. परदेशी जोडप्यांना मुलं देणाऱ्या संस्थांमध्ये गैरप्रकार चालतात, कोवळी बाळं लांबच्या प्रवासाला धाडली जातात, आणि तिकडे गेल्यावर त्यांचं काय होतं ते कुणी विचारत नाही, अशी त्यांची तक्रार होती. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानलं. ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी लिहिलेला निकाल आला, आणि पुढची कित्येक वर्षं तोच या देशाचा परदेशी दत्तकाचा कायदा होता.

निकालाचा गाभा साधा आहे. मुलाचा पहिला हक्क जन्मदात्या आईबापांजवळ राहण्याचा. ते शक्य नसेल तर आपल्याच देशातल्या कुटुंबात जाण्याचा. तेही जमलं नाही तरच परदेश, कारण संस्थेच्या भिंतीत वाढण्यापेक्षा दूरचं का होईना, पण घर बरं. परदेशी कुटुंबाने थेट संस्थेच्या दारात येऊन मूल निवडायचं नाही. त्यांच्या देशातल्या मान्यताप्राप्त संस्थेने आधी त्यांचं घर पाहून अहवाल द्यायचा. मूल तिकडे गेल्यावर दोन वर्षांच्या आत दत्तकाचा हुकूम मिळवायचा आणि मुलाची खबरबात भारतात कळवत राहायची. प्रत्येक अर्जाची छाननी तटस्थ समाजसेवी संस्थेने करायची. मुंबईत हे काम इंडियन कौन्सिल ऑफ सोशल वेल्फेअर करत असे आणि मुंबई शहरातल्या परदेशी दत्तकाच्या याचिका उच्च न्यायालयातच चालत. १९९० साली केंद्र सरकारने सेंट्रल अ‍ॅडॉप्शन रिसोर्स एजन्सी स्थापन केली. पुढे तिचं नाव 'अथॉरिटी' झालं. दत्तकाशी संबंध आलेली सगळी माणसं तिला 'कारा' म्हणतात.

तरीही मूळ दुखणं राहिलंच होतं. मूल अजूनही पाल्य म्हणूनच जात होतं.

वाडीतल्या जोडप्यांसाठी पहिलं दार मुंबई उच्च न्यायालयानेच किलकिलं केलं. विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी ख्रिस्ती जोडप्यांचे अर्ज न्यायमूर्ती एफ. आय. रिबेलो यांच्यापुढे आले. टाकून दिलेल्या मुलालाही जगण्याचा हक्क आहे, आणि त्या हक्कात नाव, घर आणि कुटुंब मिळणं येतं, असं त्यांनी मानलं. पालक नेमलेल्या जोडप्याला त्याच न्यायालयाकडे आईबाप म्हणून मान्यता मागता येईल, असं सांगितलं. त्यानंतर बाल न्याय कायदा २००० साली आला, २००६ च्या दुरुस्तीने त्यातली दत्तकाची व्याख्या स्पष्ट झाली, आणि १९ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येतं. आज खोताच्या वाडीतलं जोडपं आणि चाळीतलं जोडपं एकाच अर्जावर, एकाच प्रतीक्षायादीत असतं.

ब्रेबॉर्नवरची मुलगी

या सगळ्या कलमांमागे हाडामांसाची मुलं आहेत, हे विसरायला नको. १९७९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात एक मुलगी जन्मली आणि ससून रुग्णालयाच्या आवारातल्या श्रीवत्स बालकाश्रमात आली. अवघ्या तीन आठवड्यांची असताना हरेन आणि स्यू स्थळेकर या जोडप्याने तिला आपलं केलं. हरेन मूळचे मुंबईचे, स्यू इंग्लंडच्या. मुलीचं नाव ठेवलं लिसा. अमेरिका, केनिया असा प्रवास करून कुटुंब सिडनीला स्थिरावलं. वडिलांनी मागच्या अंगणात क्रिकेट शिकवलं. लिसा स्थळेकर ऑस्ट्रेलियाकडून खेळली, संघाची कर्णधार झाली, आणि महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये १००० धावा आणि १०० बळी अशी मजल मारणारी पहिली खेळाडू ठरली.

१७ फेब्रुवारी २०१३. महिला विश्वचषकाचा अंतिम सामना मुंबईत, ब्रेबॉर्न स्टेडियमवर. चर्नी रोडहून लोकल पकडली की दुसरं स्टेशन चर्चगेट, तिथून मैदान चालत काही मिनिटांवर. वेस्ट इंडीजचा शेवटचा बळी पडला तो लिसाने पुढे झेप घेऊन टिपलेल्या झेलावर. ऑस्ट्रेलिया विश्वविजेती झाली, आणि तिने निवृत्ती जाहीर केली. महाराष्ट्रात जन्मलेली मुलगी महाराष्ट्राच्या राजधानीत दुसऱ्या देशाची म्हणून जिंकली आणि ती त्या देशाची पूर्णपणे होती. तिच्याविषयी कुणीही 'पाल्य' हा शब्द वापरला नसता. दत्तक पुरं होणं म्हणतात ते हेच.

एकेक कागद मुलाच्या बाजूचा

आज मुंबईतलं मूल परदेशी घरात जायचं तर वाट अशी आहे.

आधी बाल कल्याण समिती. मूल सापडलेलं असेल तर त्याच्या आईबापांचा शोध घ्यावा लागतो, वर्तमानपत्रात फोटोसह जाहिरात द्यावी लागते. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दोन महिने आणि त्याहून मोठ्यासाठी चार महिने, अशी मुदत कायद्यात आहे. आईने स्वतः मूल सोपवलं असेल तर तिला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. त्या साठ दिवसांत ती परत आली तर मूल तिचं. हे सगळं संपलं की समिती मूल दत्तकासाठी मुक्त झाल्याचं जाहीर करते. संस्थांमध्ये याला 'बाळ लीगली फ्री झालं' म्हणतात.

मग आधी देशातल्या आणि अनिवासी भारतीय कुटुंबांना संधी. तिथे घर मिळालं नाही तर परदेशी कुटुंबांचा विचार. म्हणून परदेशात जाणारी बरीचशी मुलं मोठी असतात, भावंडांच्या जोड्या असतात, किंवा त्यांना विशेष उपचारांची गरज असते. तान्ह्या, निरोगी बाळासाठी इथेच लांब रांग आहे. २०२४-२५ या वर्षात कारामार्फत ४,५१५ दत्तकं झाली. त्यांतली ४,१५५ देशातल्या देशात. उरलेली सगळी मुलं परदेशी गेली.

परदेशी कुटुंब आपल्या देशातल्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच नाव नोंदवतं. तिथली समाजसेविका घरी येऊन होम स्टडी करते : उत्पन्न, तब्येत, घरातली माणसं, वेगळ्या रंगाचं मूल स्वीकारण्याची मनाची तयारी. इकडे मुलाचा अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल तयार होतो. जुळणी झाली की तो देश लेखी कळवतो की हे आईबाप योग्य आहेत आणि या मुलाला आमच्याकडे प्रवेश मिळेल. मग कारा ना-हरकत देते.

यानंतर हुकूम. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात तो न्यायालयाचा होता : सुनावणी बंद दाराआड, निकाल दोन महिन्यांत, आणि मूल समजण्याच्या वयाचं असेल तर त्याची इच्छा विचारात घेऊन. १ सप्टेंबर २०२२ पासून हे अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे गेले. काही महिन्यांनी, जानेवारी २०२३ मध्ये, न्यायालयात आधीपासून चालू असलेली प्रकरणं तूर्त तिकडे वर्ग करू नयेत असा अंतरिम आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिला. मध्येच यंत्रणा बदलली आणि संस्थेच्या पाळण्यात मूल ताटकळलं, असं होऊ नये, ही चिंता रास्त होती.

हुकुमाच्या दिवशी काय बदलतं? कायदा सांगतो की त्या तारखेपासून मूल त्या आईबापांच्या पोटी जन्मल्यासारखंच त्यांचं होतं, आणि जन्मदात्या कुटुंबाशी असलेलं कायदेशीर नातं संपतं. नवा जन्मदाखला निघतो, त्यावर आईवडील म्हणून त्यांचीच नावं असतात. पाल्य हा शब्द त्या दिवशी कायमचा गळून पडतो.

त्यापुढचा कागद सर्वांत मोलाचा. हेग शहरात २९ मे १९९३ रोजी आंतरदेशीय दत्तकाविषयी एक करार झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर आणि कोरियन युद्धानंतर हजारो मुलं एका खंडातून दुसऱ्या खंडात नेली गेली होती. त्या अनुभवातून आलेलं शहाणपण या करारात आहे. भारताने तो २००३ साली मान्य केला. त्याच्या २३ व्या कलमाखाली कारा एक प्रमाणपत्र देते, कन्फॉर्मिटी सर्टिफिकेट. हे दत्तक करारानुसार झालं आहे, एवढंच ते सांगतं, पण त्यामुळे करारातल्या प्रत्येक देशाला ते मान्य करावंच लागतं. १९८४ मध्ये मूल पालकत्वाचा हुकूम घेऊन जायचं आणि दत्तक तिकडे शोधायचं. आता दत्तक इथे पुरं होतं, मग पासपोर्ट, मग व्हिसा, मग विमान. मूल लेक म्हणून निघतं.

निघाल्यानंतर

काम तिथेही संपत नाही. दोन वर्षं मुलाचे अहवाल भारतात यावे लागतात : पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. आणि नागरिकत्व. दत्तकाचा हुकूम आणि नागरिकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जुन्या पिढीतल्या अनेक कुटुंबांना ठाऊकच नव्हतं. अमेरिकेत २७ फेब्रुवारी २००१ पासून दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा कायदा लागू झाला, पण त्या दिवशी अठरा वर्षं पूर्ण झालेल्यांना तो लागू नव्हता. परिणामी, लहानपणी भारतातून तिथे गेलेली, हिंदी-मराठीचा एक शब्द न येणारी माणसं मोठेपणी परदेशी नागरिक ठरली, आणि काहींवर देश सोडण्याची पाळी आली. कुणीतरी एक अर्ज भरायचा राहून गेला होता.

जुन्या फायलींची दुसरी बाजूही उघडी पडते आहे. स्वित्झर्लंडमध्ये झ्युरिक आणि थुरगाऊ या प्रांतांनी भारतातून तिथे गेलेल्या मुलांच्या फायली अभ्यासकांकडून तपासून घेतल्या. तपासलेल्या फायलींत जन्मदात्या आईची संमती मिळाली नाही. ज्या मुलाने चाळिशीत आपली फाईल उघडली आणि आईच्या जागी रिकामी रेघ पाहिली, त्याचं दुःख कुठल्याही प्रमाणपत्राने भरून येत नाही. चीनने २०२४ साली परदेशी दत्तक जवळपास बंद केलं, नेदरलँड्सने नवे अर्ज घेणं थांबवलं. आपल्याकडचे शोध, जाहिराती, साठ दिवसांचा फेरविचार हे ज्यांना वेळकाढूपणा वाटतात त्यांनी ती रिकामी रेघ डोळ्यांपुढे आणावी.

उलटी वाटही आहे. समजा, वाडीतल्या एखाद्या जोडप्याला परदेशातलं मूल दत्तक घ्यायचं आहे. तेव्हा दत्तक त्या देशाच्या कायद्याने तिथे पुरं होतं. आपल्या बाजूची संमती कारा देते. मूल त्याच्या देशाच्या पासपोर्टवर, भारतीय दूतावासाने दिलेल्या व्हिसावर इथे येतं, आणि भारतीय नागरिकत्वासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. मुंबई विमानतळावर कडेवर घेतलेलं ते मूल मायेने त्यांचं असतं आणि कागदाने अजून पाहुणं.

गिरगावची जुनी शिकवण

खोताच्या वाडीपासून थोड्या अंतरावर प्रार्थना समाजाचं मंदिर आहे, १८६७ साली स्थापन झालेल्या समाजाचं. पंढरपूरच्या यात्रेच्या गर्दीत विधवा आपली तान्ही बाळं सोडून जात, कारण त्यांना घेऊन परत जाण्याची सोय समाजाने ठेवलेली नव्हती. त्या बाळांसाठी १८७५ साली पंढरपुरात बालकाश्रम उघडला, आणि गिरगावातल्या या समाजाने तो पुढे चालवला. त्याच्या आधी, १८६३ साली, पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं आणि तिथे जन्मलेल्या यशवंतला स्वतःचा मुलगा केलं. या माणसांनी कायद्याची वाट पाहिली नाही. माया आधी आली, कायदा शंभर वर्षं मागून चालत आला.

पण तो आला, आणि त्याची गरज होती. माया आईबाप असेपर्यंत पुरते. त्यांच्यामागे मुलाच्या हातात हुकूम लागतो. म्हणून परदेशातून किंवा परदेशात दत्तक घेणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला एकच सांगणं आहे. मूल घरी आलं म्हणजे दत्तक झालं, असं समजू नका. दत्तकाच्या हुकुमाची प्रमाणित प्रत, कन्फॉर्मिटी सर्टिफिकेट, नवा जन्मदाखला आणि नागरिकत्वाचा पुरावा, हे चार कागद जमेपर्यंत थांबू नका. ते तुमचे नाहीत, मुलाचे आहेत. नीट जपून ठेवा, आणि ते अठरा वर्षांचं होईल त्या दिवशी, सगळी हकिकत सांगून, त्याच्या हातात द्या.